रीळ समुद्रात गंजत नाही

वेंगुर्ल्याच्या खडपावर एक अख्खी संध्याकाळ मी गरवत होतो. लाटांचे शिंतोडे रॉडवर, रिळावर, चष्म्यावर उडत होते. रीळ मात्र लोण्यासारखं फिरत होतं. घरी आल्यावर फडक्याने सगळं नीट पुसलं, कोरडं केलं आणि कपाटात ठेवलं. दोन महिन्यांनी बाहेर काढलं, तर हँडल फिरवताना जात्यात खडा यावा तसा आवाज. ड्रॅगची, म्हणजे दोरीचा ताण ठरवणारी, चकती जागची हलेना. रॉडच्या कड्यांभोवती तपकिरी ओघळ.

मामाने रीळ हातात घेतलं, एकदा कानाशी फिरवलं आणि म्हणाला, "पाणी पुसलंस. मीठ खंय पुसलंस?"

मामा स्वतः रीळ वापरत नाही. त्याची दोरी बाटलीला गुंडाळलेली असते, पुढे शिसं आणि गरी. गंजण्यासारखं त्यात गरीशिवाय काही नाहीच. पण त्याच्या प्रश्नाने मला भलत्याच वाटेला लावलं. चार तास खाऱ्या पाण्यात भिजताना ज्याला काही झालं नाही, ते यंत्र कोरड्या कपाटात बसून मेलं कसं?

कपाट कोरडं नव्हतं, हे त्याचं पहिलं उत्तर.

समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे रिळाच्या फटीत एकच थेंब राहिला आणि वाळला, तरी तिथे पावणेदोन मिलिग्रॅम मीठ मागे उरलं. एवढ्याशा मिठाने काय होणार? पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवा. झाकण घट्ट असूनही खड्यांना पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतली वाफ ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. पण समुद्रात काही नुसतं जेवणातलं मीठ नसतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते भलतंच तहानलेलं. त्याला 33 टक्के आर्द्रता पुरते! कोकणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे मी रीळ पुसलं, तेव्हा ते कोरडं दिसत होतं इतकंच. आत एक अदृश्य ओली साय पसरलेली होती, समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट, आणि ती दोन महिने वाळलीच नाही.

शिवाय ही साय पातळ असते, आणि खरी मेख तिथेच आहे. गंजायला पाणी लागतं तसा प्राणवायूही लागतो. खोल पाण्यातून प्राणवायूला धातूपर्यंत सावकाश झिरपत यावं लागतं. केसाहून पातळ सायीतून तो दार उघडून आत यावा तसा येतो. म्हणून धातूचे हाल समुद्रात बुडून होत नाहीत, तितके ओलसर राहून होतात.

अजून एक गंमत. रीळ पाण्यात पडलंही पाहिजे असं नाही. लाट फुटते तेव्हा पांढरा फेस दिसतो, तो असंख्य बुडबुड्यांचा असतो. प्रत्येक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतो. ते वाऱ्यावर तरंगत घरात येतात, खिडकीच्या गजांवर बसतात, फ्रिजमागे शिरतात. किनाऱ्यावरची माणसं ज्याला खारा वारा म्हणतात तो खरोखरच खारा असतो. चवीपुरता नव्हे, चांगला मोजता येईल इतका.

आता या ओल्या सायीखाली काय काय आहे ते पाहू. रिळाचं अंग ॲल्युमिनियमचं, मधला दांडा स्टेनलेस स्टीलचा, दातेरी चक्रांपैकी एखादं पितळेचं. 1800 साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने जगातली पहिली बॅटरी केली, तेव्हा त्याने काय घेतलं होतं? जस्ताच्या चकत्या, चांदीच्या चकत्या, आणि दोहोंच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. एकावर एक रचलं आणि वीज वाहू लागली. माझ्या कपाटात नेमकं तेच रचलेलं होतं! दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी. ही बॅटरी कुणी मागितली नव्हती, तिच्यावर दिवाही लागत नव्हता, पण दिवसरात्र ती चालू होती. आणि बॅटरी चालते म्हणजे तिचा एक धातू झिजतो. दोघांत जो इलेक्ट्रॉन लवकर सोडतो त्याचा बळी जातो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या जोडीत तो मान ॲल्युमिनियमचा. स्क्रूभोवती पांढरी पूड जमलेली दिसते ना? ती विरघळून गेलेली रिळाची कातडी.

हे कोडं माणसाला एकदा फार मोठ्या प्रमाणावर पडलं होतं. वेस्ट इंडीजच्या उबदार पाण्यात लाकडी जहाजांचे तळ किडे पोखरायचे. म्हणून ब्रिटिश आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किड्यांचा प्रश्न मिटला. 1763 मध्ये जहाज तपासलं, तर पत्रे जागोजाग सुटलेले. तांबं शाबूत होतं. ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे मात्र खाऊन टाकल्यासारखे झाले होते. पण काही खिळे मजेत होते. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो काही ठिकाणी काढायचाच राहून गेला होता. जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागदाचा कपटा होता, तिथला खिळा वाचला!

विचार करा. व्होल्टाची बॅटरी यायला अजून 37 वर्षं होती. विजेचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी एका निष्काळजी कामगाराच्या कृपेने उत्तर हाती आलं होतं: दोन धातूंना एकमेकांना शिवू देऊ नका. आज स्क्रूखाली ग्रीसचं बोट फिरवतात किंवा प्लास्टिकची चकती घालतात, ती त्या कागदाचीच पणती.

पुढे हम्फ्री डेव्हीने 1824 च्या सुमारास याच आरमारासाठी उलटा डाव टाकला. धातू मरणारच असेल, तर कोण मरणार ते आपण ठरवू. त्याने तांब्याच्या तळाला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. ते झिजले, तांबं झिजायचं थांबलं. आणि पंचाईत झाली! विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तर शंखशिंपले तळाला चिकटत नव्हते. तांबं वाचलं आणि तळ शिंपल्यांनी भरला. डेव्हीची युक्ती मात्र वाया गेली नाही. एखादा ट्रॉलर डागडुजीसाठी वर ओढलेला दिसला, तर त्याच्या पंख्याजवळ पाहा. तिथे जस्ताच्या वड्या बसवलेल्या असतात, मरण्यासाठीच.

रॉडचं काय? तो तर कार्बन फायबरचा. त्याला गंज कुठून येणार? खरं आहे, त्याला येत नाही. तो दुसऱ्यांना आणतो. कार्बन हा धातू नसला तरी वीज वाहू देतो, आणि खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याच्या उतरंडीत तो पार वरच्या टोकाला बसतो, तांब्याच्याही वर. त्याच्या संगतीत ॲल्युमिनियम आलं की बळी ठरलेलाच. रॉडवरचा रेझिनचा थर अखंड आहे तोवर दोघांची भेट होत नाही. थर घासला गेला की ‘अलार्म’ जहाजाची कथा तुमच्या मुठीत सुरू. विमानं बांधणारेही याला इतके वचकून असतात की कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये काचतंतूंचा एक थर घालतात. पुन्हा तोच कागद!

आता मला सर्वांत आवडणारा प्रयोग. केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाचे एक शास्त्रज्ञ होते. सगळं आयुष्य त्यांनी गंजाला वाहिलं. 1920 च्या दशकात त्यांनी घासून लखलखीत केलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवला. त्या पाण्यात अशी रसायनं होती, की लोखंड विरघळेल तिथे निळा रंग यावा आणि प्राणवायू खर्च होईल तिथे गुलाबी. तुम्हीच सांगा, लोखंड कुठे विरघळलं असेल? कडेला, जिथे हवा भरपूर मिळते?

नाही. कडेला गुलाबी रंग आला. निळा रंग आला थेंबाच्या मध्यावर, जिथे प्राणवायू सर्वांत कमी पोचतो. आणि दोहोंच्या मध्ये गंजाचं तांबूस कडं. म्हणजे एकाच धातूवर, एकाच थेंबाखाली बॅटरी तयार झाली होती: कडेने प्राणवायू खायचा आणि किंमत मध्याने मोजायची!

हे कळल्यापासून मी रिळाकडे वेगळ्या नजरेने बघतो. हँडलची उघडी, चकाकती बाजू ही थेंबाची कड. स्क्रूच्या माथ्याखालची फट, बेअरिंगची खोबण, मिठाच्या पापुद्र्याखालची जागा हे थेंबाचे मध्य. बाहेरून रीळ नवं दिसतं आणि आतून पोखरलेलं असतं, ते यामुळे. त्यात गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा अडवतो. फटीत बसलेला स्क्रू फुगतो आणि मग पाना तुटतो, पण तो हलत नाही.

‘पण पेटीवर तर स्टेनलेस लिहिलं होतं!’ ही तक्रार मीही केली आहे. स्टेनलेस म्हणजे गंजच न येणारं असं नव्हे. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रणं करून पाहत होता, त्यातून हे पोलाद निघालं. त्यातलं क्रोमियम हवेशी संयोग पावून वर एक कवच धरतं. आपल्याकडे पितळेच्या भांड्याला कल्हई करतात, तसं. पण ही कल्हई केसाच्या जाडीचे तीस हजार काप केले तर त्यातल्या एकाएवढी, आणि ओरखडा पडला तर क्षणात आपली आपण भरून निघणारी! कल्हईवाल्याला बोलवायला नको.

मिठातला क्लोराइड मात्र या कवचाचा नेमका वैरी. तो एखाद्या कच्च्या जागी सूक्ष्म भोक पाडतो. भोकात प्राणवायू पोचत नाही, म्हणून कवच भरून येत नाही. आत विरघळलेला धातू पाण्याशी मिळून आम्ल तयार करतो, आम्ल भोक वाढवतं, वाढलेलं भोक आणखी क्लोराइड आत ओढतं. किडलेली दाढ बघा: वरून सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका, आत पोकळी. बेअरिंगमध्ये हा रोग हमखास दिसतो. त्याच्या गोळ्या कठीण हव्यात, कठीणपणासाठी पोलादात कर्ब वाढवावा लागतो, आणि तो कर्ब क्रोमियमला पकडून ठेवतो. कवच धरायला क्रोमियम उरतं कमी. टणक हवं की टिकाऊ? दोन्ही हवं असेल तर सिरॅमिकच्या गोळ्या घ्या आणि खिसा मोकळा करा.

काही जपानी रिळांनी यावर जी शक्कल काढली, ती वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. 1963 साली अमेरिकेच्या ‘नासा’त स्टीव्ह पॅपेल यांनी लोहचुंबकाला चिकटणारा द्रव केला होता. अवकाशात वजन नसताना रॉकेटचं इंधन टाकीत हवं तिकडे ओढता यावं, हा हेतू. त्याच जातीचं चुंबकी तेल आता रिळाच्या दांड्याभोवती घालतात. चुंबक त्या तेलाला गोल धरून ठेवतो, आणि दांड्याभोवती तेलाची भिंत उभी राहते. रबराची चकती दांड्याला घासते, ही घासत नाही. फिरणारा दांडा अडत नाही, आणि पाणी मात्र आत येत नाही. रॉकेटचं इंधन हलवायला निघालेली कल्पना खडपावर तांबोशी धरायला आली!

एवढं सगळं झाल्यावर उपाय इतका साधा निघतो की हसू येतं: गोडं पाणी. तेही मीठ वाळायच्या आत. लिटरभर गोड्या पाण्यात साडेतीनशे ग्रॅमच्या वर मीठ विरघळतं; रिळावर असतं चिमूटभर. आधी ड्रॅग घट्ट आवळायचा, म्हणजे त्याच्या चकत्यांमध्ये पाणी शिरत नाही. मग झारीने शिंपडावं तसं हलकं पाणी, रॉडच्या कड्यांनाही. नळीचा जोरदार फवारा नको, त्याने मीठ आणखी आत जातं. बादलीत बुचकळणंही नको. मग पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत ठेवायचं. मी त्या दिवशी यातलं शेवटचं तेवढं केलं होतं.

रीळ शेवटी मामाच्या पडवीत वर्तमानपत्र पसरून उघडलं. दोन बेअरिंग गेली होती, एक वाचलं होतं. का वाचलं ते अजून उमगलेलं नाही. आतून चमचाभर तांबडी पूड निघाली. शिरोड्याची मिठागरं तिथून लांब नाहीत, आणि शिरोड्याला लागूनच रेडी, जिथून लोहखनिज जहाजात भरून जातं. ते खनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग. भट्टीत तापवून तो प्राणवायू काढावा तेव्हा पोलाद होतं. मीठ आणि ओलावा मिळताच माझ्या रिळाने तो प्राणवायू पुन्हा उचलला होता. अंगणातल्या जांभ्या दगडाचा तांबडा रंगही लोहाच्या त्याच संयोगांचा.

मामाने वर्तमानपत्र उचललं आणि पडवीच्या कडेला जाऊन झटकलं. पूड पायऱ्यांवर पडली असावी. जांभ्यावर काही वेगळी दिसली नाही.