छोट्या रुळांची मोठी किंमत

आगगाडीच्या विजेवर धावणाऱ्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा, त्यांच्यासाठी रूळ टाकून स्टेशनं उभी करण्याचा छंद अमरावती-अकोल्यात मूठभरांचाच. कापसाच्या भावावर घराचं गणित चालणाऱ्या मुलखात तो चैनीचा वाटतो, आणि तसा तो आहेही. पण या मूठभरांचं गाऱ्हाणं इंग्लंड-जर्मनीतल्या छंदिष्टांच्या गाऱ्हाण्यापेक्षा वेगळं नाही: इंजिनं दरवर्षी महागतात आणि महागूनही पूर्वीसारखी भरवशाने धावत नाहीत. या दोन गोष्टींचा विचार बहुधा वेगवेगळा होतो. महागाईचं खापर सरकारवर किंवा चीनवर फुटतं, बिघाडाचं कारखान्याच्या निष्काळजीपणावर. माझ्या मते दोन्हींचं मूळ एक आहे. गेल्या तीसेक वर्षांत या धंद्याने पाहण्यासाठी मॉडेल बनवायचं ठरवलं, आणि ते उघडून दुरुस्त करता येईल की नाही याकडे पाठ फिरवली. किंमत नकशीकामाची वाढली आणि भरवसा गेला तोही त्याच नकशीकामापायी.

आधी वऱ्हाडाचा या छंदाशी संबंध काय, ते पाहू. कारण उपायाची वाट इथूनच निघते. मुंबई-नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि कापसासाठी खामगावचा फाटा १८७० मध्ये, तर अमरावतीचा १८७१ मध्ये टाकला गेला. पुढे मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटरची छोटी लाईन झाली, तीच शकुंतला. अकोल्याहून मेळघाटातून खंडव्याकडे मीटर गेज जायची आणि धूळघाटाजवळ स्वतःभोवतीच वेढा घालून डोंगर चढायची. म्हणजे अकोला ते मूर्तिजापूर या जेमतेम चाळीस किलोमीटरांत भारतीय रेल्वेची तीन मापं पाहायला मिळत. आता हे १:८७ या सर्वाधिक चालणाऱ्या प्रमाणात उतरवू. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १९.३ होतात, बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ चा, कारण तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरांवरून बेतलेला. भारतीय ब्रॉडगेजचं प्रत्येक विकतचं मॉडेल त्यामुळे पायापासूनच पावणेतीन मिलिमीटर खोटं असतं. मीटर गेज ११.५ येतं, त्याला १२ चा रूळ चालतो. आणि शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर ८.८ वर येतात. त्याला जगभर मुबलक मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास चपखल बसतो. गरिबांची गाडी म्हणून ओळखली गेलेली शकुंतला छोट्या प्रमाणात सर्वांत खरी आणि सर्वांत स्वस्त निघते, ही गंमत फारशी कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

किमतीकडे वळू. २००० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटिश बाजारात शंभर पौंडांच्या आत मिळणारं मोठं वाफेचं इंजिन आज दोनशेच्या पुढे गेलं आहे. महागाई वजा केली तरी वाढ उरतेच. हॉर्नबीसारख्या कंपनीने १९९० च्या दशकात आपलं उत्पादन इंग्लंडमधल्या मार्गेटहून चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात नेलं, ते स्वस्त मजुरीसाठी. तिथल्या मजुरीत एकेका इंजिनावर शे-दीडशे सुटे तपशील हाताने चिकटवणं परवडू लागलं: वेगळ्या तारेची कठडी, वेगळा हातपंप, वेगळ्या पायऱ्या. ग्राहकाची नजर त्याला सरावली. मग चीनमधली मजुरी वाढली, पण नजर मागे येईना. त्यातच एकाच इंजिनाच्या चार रंगांच्या, थोड्या थोड्या नगांच्या तुकड्या काढायच्या आणि आगाऊ नोंदणीवर विकायच्या, ही पद्धत रुळली. लाखो रुपयांच्या साच्याचा खर्च थोड्या नगांवर पडला की भाव चढणारच. यात उत्पादकांनी गडगंज नफा कमावला असंही नाही. १८५९ पासूनची जर्मनीची मार्कलिन २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि लिव्हरपूलचं १९४६ पासूनचं हॅटन्स हे मोठं दुकान २०२४ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर करून मोकळं झालं. ग्राहक, दुकानदार आणि कारखानदार तिघेही रडतात तेव्हा दोष एकट्याच्या लोभाचा नसतो, वस्तूच्या घडणीचा असतो.

आपल्याकडे यावर सीमाशुल्काचा थर चढतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खेळणी आणि प्रमाणबद्ध मॉडेल ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पाने २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ते ७० झालं. समजा, वाहतूक धरून १०० रुपयांचं मॉडेल बंदरावर आलं. जुन्या दराने, वर १८ टक्के जीएसटी धरून, ते सुमारे १४२ ला पडे. नव्या दराने, इतर आकार बाजूला ठेवले तरी, ते २०० च्या वर जातं. देशी खेळणी उद्योगाला आडोसा मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचं झालं, तेही योग्यच. पण पेन्सिल सेलवर चालणारी प्लास्टिकची गाडी आणि बारीक दातेरी चाकांचं इंजिन एकाच तराजूत घातल्याने दुसऱ्याचा देशी कारखाना काही आपोआप उभा राहिला नाही.

तरी सगळा दोष शुल्काला देणं सोपं आणि चुकीचं आहे. शुल्क नसलेल्या देशांतही इंजिनं बंद पडतात. ती का पडतात, हे आतल्या रचनेत दिसतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्राय-अँग या ब्रिटिश छापाच्या इंजिनात उघडी मोटर असे. कार्बन ब्रश झिजला तर स्प्रिंग उचलून दुसरा घालायचा, तेलाचा थेंब सोडायचा, काम झालं. आजची मोटर बंद डबीत असते. पितळी दातेरी चाकांच्या जागी प्लास्टिकची आली. ती धातूच्या आसावर दाबून बसवलेली असतात, आणि तो ताण सहन न होऊन काही वर्षांत उभी चिरतात. वजनासाठी वापरलेल्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश शिरला की तो आतून फुगतो, वाकतो, शेवटी चुरा होतो; हा रोग १९३० च्या दशकात होता आणि चिनी उत्पादनाच्या काळात पुन्हा उगवला. डिजिटल नियंत्रणासाठी बसवलेली चिमुकली पट्टी एका शॉर्ट सर्किटने जाते. आणि यातलं काहीही दुरुस्त करायला वरचं आवरण काढू गेलं, तर तीच चिकटवलेली कठडी आणि पायऱ्या हातात येतात. ज्या नकशीकामाचे पैसे मोजले, तेच दुरुस्तीच्या आड येतं. तुकडी संपल्यावर सुटे भागही बनत नाहीत, कारण साचा पुढच्या मॉडेलच्या कामाला लागलेला असतो.

वऱ्हाडात याला हवामानाची जोड मिळते. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या आसपास उतरतो. एवढ्या फरकाने निकेल-सिल्व्हरचा तीन मीटर रूळ पावणेदोन मिलिमीटरने लांबतो. खऱ्या लोहमार्गासारखी फट ठेवली नाही तर तो वाकतो आणि सांध्यावर गाडी घसरते. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, ते वेगळंच. वंगण उन्हाळ्यात पातळ होऊन रुळावर येतं आणि धुळीशी मिळून चाकावर काळा थर धरतं. वीज नीट पोचत नाही आणि दोष बिचाऱ्या मोटरला लागतो. समशीतोष्ण बैठकीच्या खोलीसाठी घडवलेल्या वस्तूला इथे दर काही महिन्यांनी उघडावंच लागतं. म्हणून दुरुस्तीयोग्यता ही लंडनमध्ये सोय असेल, अकोल्यात ती वस्तूच्या किमतीचाच भाग आहे. जवळचं जाणकार दुकान शेकडो किलोमीटर दूर आणि परदेशी पाठवलं तर जाण्या-येण्याचा खर्च नव्या इंजिनाच्या घरात, असा हा व्यवहार.

यावर पहिला आक्षेप असा की जुनं ते सोनं ही आठवणीची करामत आहे. जुनी टिकलेली तेवढी इंजिनं आपण पाहतो, भंगारात गेलेली दिसत नाहीत. आक्षेप बरोबर आहे. जुनी मॉडेलं ओबडधोबड होती, धक्के खात निघत, आणि सामान्य कामगाराला ती तेव्हाही परवडत नव्हती. आजचं चांगलं इंजिन मुंगीच्या पावलाने सुटतं, ते जुन्याला कधी जमलं नाही. पण माझा मुद्दा जुनं बिघडत नव्हतं असा नाहीच. बिघडलेलं घरी नीट करता येई, हा आहे. खुद्द शकुंतलेचं उदाहरण घ्या. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत कामावर होतं. सत्तर वर्षांत ते बिघडलं नसेल असं कोण म्हणेल? त्याचा प्रत्येक भाग माणसाला दिसत होता, खोलता येत होता, नवा घडवता येत होता, म्हणून ते टिकलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: लोकांना बारकावेच हवे आहेत, मग उत्पादक काय करणार? याला उत्तर जपानमध्ये आहे. काटो ही कंपनी १९६५ पासून ९ मिलिमीटर रुळावरच्या गाड्या काढते आणि उत्पादन जपानमध्येच ठेवून आहे. तिची मॉडेलं देखणी असतात, पण बरेचसे भाग चिकटवण्याऐवजी खटक्याने बसतात, म्हणून ती न मोडता उघडतात. सुटे भाग क्रमांकानिशी वेगळे विकले जातात. लोकप्रिय गाड्यांच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा निघतात. म्हणजे मोठ्या मजुरीच्या देशातही भरवशाची वस्तू आवाक्यातल्या भावात निघू शकते, जर कारखान्याने ती धावण्यासाठी घडवली तर. भाव काटोचेही वाढले आहेत, पण तिथे वाढलेल्या पैशाला चालतं यंत्र मिळतं. आणि तिचा मोटर बसवलेला सुटा सांगाडा ९ मिलिमीटरचा, म्हणजे शकुंतलेच्या मापाचा. त्यावर १:८७ चं चौकोनी डिझेल इंजिन प्लास्टिकच्या पत्र्यातून अकोल्यातच उभं करता येतं. डबे तर त्याहून सोपे.

थ्रीडी प्रिंटिंगने सगळं सुटेल, असं हल्ली उत्साहाने सांगितलं जातं. आवरणापुरतं ते खरं आहे. पण सर्वांत स्वस्त पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत वऱ्हाडी उन्हाळा तिथवर सहज पोचतो. दातेरी चाकं तर घरच्या प्रिंटरवर समाधानकारक निघत नाहीत. हाताने घडवणं सगळ्यांना जमणार नाही, हेही मान्य; पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये उघडलेलं लघुरेल्वे संग्रहालय ज्या चिकाटीतून उभं राहिलं ती दुर्मीळच. तरीही तिथल्या गाड्या प्रेक्षकांसमोर रोज धावतात, त्यामागे बनवणाऱ्याला आतला स्क्रू न स्क्रू ठाऊक असणं हे एक मोठं कारण आहे.

तयार सांगाड्यावर घरीच गाडी उभी करण्याची ही मांडणी शकुंतलेला लागू पडते. मीटर गेजला तितकी नाही. १२ मिलिमीटरचे सांगाडे प्रामुख्याने स्विस गाड्यांच्या युरोपीय मॉडेलांतून किंवा जपानी पितळी संचांतून येतात आणि दोन्ही महाग. अकोला-अकोट आता ब्रॉडगेज झालं आणि मेळघाटातली मीटर गेज बंद आहे, त्यामुळे धूळघाटाचा वेढा पुन्हा पाहायचा तर बहुधा मॉडेलातच. तो बांधायला निघालेल्याने इंजिनाचं छायाचित्र बघण्याआधी विक्रेत्याकडे सुट्या भागांची यादी मागावी. यादी नसेल तर इंजिनाची रक्कम रुळांवर आणि सांध्यांवर घालावी; ते घरी दुरुस्त होतात.