भिंतीतली तिसरी तार

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला मागून हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या इमारतींत घरोघर ऐकू येते. गिरगावात मावशीकडे राहायला होतो तेव्हा मीही हे रोज अनुभवलं. पेन ड्राइव्ह लावायला वाकलं की मनगटाला मुंग्या. मावशी म्हणायची, "चपला घालून बस रे, म्हणजे लागत नाही." दुकानदार म्हणाला, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, गेलाय, बदला. बदलला. मुंग्या तशाच राहिल्या, कारण दोष कॉम्प्युटरमध्ये नव्हताच.

एसएमपीएसच्या तोंडाशीच विजेतली खरखर गाळणारा फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेज आणि बॉडी यांच्यामध्ये असतो, दुसरा न्यूट्रल आणि बॉडी यांच्यामध्ये. त्यांतून झिरपणारा किंचित करंट थ्री पिनच्या वरच्या जाड पिनेतून जमिनीत जावा, अशी योजना आहे. हेच अर्थिंग. त्या पिनेमागे भिंतीत तारच नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध तरंगते, म्हणजे 230 व्होल्टच्या घरात साधारण 115 व्होल्टवर. हा करंट सहसा एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आतली फेजची वायर खरोखरच बॉडीला टेकली, तर पायात चपला असताना तेव्हाही मुंग्याच येतील. दोन्हींतला फरक बोटाला कळत नाही. म्हणून "एवढं काय, सवय झाली" हे म्हणणं मला फार धोक्याचं वाटतं.

मशिनलाही हे सोसत नाही. अशा तरंगत्या कॉम्प्युटरला टीव्ही जोडला आणि त्या टीव्हीला गच्चीवरून आलेली, जमिनीशी जोडलेली केबल असली, तर साचलेला दाब एचडीएमआयच्या नाजूक पिनांतून वाट काढतो. पोर्ट जळतो आणि दोष केबलच्या माथी येतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत सगळ्या केबल आधी जोडायच्या आणि प्लग शेवटी लावायचा, एवढं तरी पाळावं.

बोर्डावर तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहेच, हा समज फार पक्का आहे. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या वायरिंगमध्ये दिव्या-पंख्याच्या पॉइंटला बहुतेक दोनच तारा असायच्या. पुढे कुणीतरी रंगकामाच्या वेळी जुना सॉकेट काढून नवा पांढराशुभ्र थ्री पिन बसवला, पण मागच्या तारा दोनच राहिल्या. मावशीकडचा बोर्ड वायरमनने खोलला तेव्हा वरच्या टर्मिनलचा स्क्रू कोरा करकरीत होता. त्याला कधी तार लागलेलीच नव्हती.

टेस्टरने हे कळत नाही. वरच्या भोकात टेस्टर लावला आणि पेटला नाही, तर तिथे फेज आलेला नाही इतकंच समजतं. तार जमिनीपर्यंत गेली आहे की मागे काहीच नाही, हे समजत नाही. खात्री मल्टिमीटरने होते, आणि ती वायरमनकडूनच करून घ्यावी. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असे तीन आकडे मिळायला हवेत. मावशीकडे कॅबिनेटच्या पत्र्यावर काटा 108वर थांबला होता. सॉकेटकडे समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असावा. जुन्या घरांत हेही उलटं सापडतं.

आता सगळ्यांत घातक गैरसमज. "न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो, मग अर्थ आणि न्यूट्रल एकच की!" असं म्हणून सॉकेटच्या मागे दोन टर्मिनलमध्ये तारेचा छोटा तुकडा मारून दिला जातो. पाच मिनिटांचं काम. मुंग्या लगेच थांबतात, मीटरवर आकडेही छान दिसतात आणि घरातले खूश होतात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या वायरमननेही हेच सुचवलं होतं.

यात होतं काय ते नीट समजून घ्या. जुन्या मेन बोर्डावर पाहा, अनेक ठिकाणी दोन किटकॅट फ्यूज दिसतील, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर. न्यूट्रलवर असा एकटा फ्यूज ठेवायला 1956च्या विद्युत नियमांतही मनाई होती, तरी ते आजही दिसतात. समजा हा न्यूट्रलचा फ्यूज उडाला. घर अंधारात जातं. आपल्याला वाटतं, लाईट गेली. पण फेज घरात तसाच उभा असतो. चालू राहिलेल्या बल्बमधून, पंख्यातून तो न्यूट्रलच्या तारेत उतरतो आणि परतीची वाट तुटलेली असल्याने तिथेच थांबतो. सॉकेटमागच्या त्या तुकड्यावरून तो कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येतो. आता पूर्ण 230 व्होल्ट, आणि अडवणारा कपॅसिटर मध्ये नाही. अंधारात चाचपडत कुणी कॅबिनेटला धरलं, तर मुंग्यांवर भागणार नाही. न्यूट्रल आणि अर्थ जिथे जोडायचे असतात तिथे, पुरवठ्याच्या बाजूला, जोडलेले असतात. घरातल्या सॉकेटमध्ये ते कधीही जोडू नयेत.

नळाच्या पाइपला तार बांधण्याचा उपायही तसाच. पूर्वी पाइप लोखंडी होते आणि जमिनीत खोल जायचे. आता खाली कुठेतरी प्लॅस्टिकचा तुकडा जोडलेला असतो, आणि तुमच्या घरातला दोष खालच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याच्या नळात उतरू शकतो.

विकत मिळणाऱ्या वस्तूंवरही भाबडा विश्वास ठेवला जातो. स्पाइक गार्डच्या आत व्हॅरिस्टर नावाच्या चकत्या असतात. दाब अचानक उसळला की त्या वाहू लागतात आणि उसळी वळवतात. पण त्यांतल्या काही चकत्यांची वळवण्याची वाट अर्थकडेच जाते, आणि ती नसेल तर अर्धं संरक्षण तिथेच संपतं. शिवाय प्रत्येक उसळीबरोबर चकती थकत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा गार्ड आज बहुधा नुसता एक्स्टेंशन बोर्ड असतो. यूपीएस लाईट गेल्यावर काम सेव्ह करायला वेळ देतो आणि तेवढ्यासाठी तो घ्यावाच. मात्र अर्थ तो तयार करत नाही, भिंतीतलाच पुढे देतो. स्टॅबिलायझर बहुतेक कॉम्प्युटरना लागतच नाही. एसएमपीएसवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असेल तर कमी-जास्त दाब तो स्वतःच सांभाळतो. आणि एमसीबी? तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंग नसलेल्या घरातही तो उपयोगी पडतो, कारण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो ताडून पाहतो आणि तफावत दिसताच क्षणात सप्लाय तोडतो.

जुन्या इमारतीत आणखी एक संकट असतं, त्याच्यापुढे मात्र यांतलं फारसं काही टिकत नाही. मीटर खोलीत तीन फेज येतात, फ्लॅट त्यांवर वाटलेले असतात आणि मुख्य न्यूट्रल सगळ्यांचा एक. तो जोड गंजून सुटला की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काहींत भक्क पेटतात. दाब 400 व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो आणि एका संध्याकाळी चार घरांतले टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर बसतात. आधी खूण मिळते. मिक्सर लावल्यावर दिवे थोडे मंदावणं समजू शकतं, पण शेजारच्या घरातला दिवा उलट प्रखर होत असेल तर न्यूट्रल ढिला आहे. लगेच मेन स्विच बंद करा, मगच फोन करा. मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला असेल, तर दाब वाढताच तो घर तोडून टाकतो.

पूर्ण घराची वायरिंग बदलणं सगळ्यांना जमत नाही, भाडेकरूला तर मालकाची परवानगी लागते. अशा वेळी मेन बोर्डापासून कॉम्प्युटरपुरती एक स्वतंत्र लाईन ओढून घ्यावी. त्यात तांब्याच्या तीन तारा, स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी आणि एकच चांगला सॉकेट, एवढं पुरतं. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. त्यातली अर्थची हिरवी तार मीटर खोलीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत गेली पाहिजे. ग्राहकाच्या मीटरपाशी असं अर्थचं टर्मिनल देणं आणि राखणं ही वीजपुरवठादाराची जबाबदारी आहे, तेव्हा ते नसेल तर लेखी मागा. इमारतीचा स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवा असेल तर विषय सोसायटीच्या सभेत न्यावा लागतो.

मावशीच्या इमारतीत तो विषय दोन सभा चालला. शेवटी मागच्या बोळात खड्डा खणला, पाइप उतरवला, कोळसा आणि मीठ भरलं, वर झाकण बसवलं आणि तिथून मावशीच्या सॉकेटपर्यंत तिसरी तार आणली. त्या संध्याकाळी कॅबिनेटच्या पत्र्यावर मीटर लावला तेव्हा एक व्होल्टही दाखवेना. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दर रविवारी त्या खड्ड्यात एक बादली पाणी घालायचं काम वॉचमनकडे दिलं आहे, आणि मावशी खिडकीतून त्याला आठवण करते.