मुंबईत आणखी टॉवर बांधावेत काय? आधी पाण्याचा हिशेब पाहा

कापड बाजारातील आमची इमारत जुनी, पागडीची. तळाला गाळे आणि वर चार मजले बिऱ्हाडे. आता पुनर्विकासाचा प्रस्ताव आला असून तिच्या जागी उंच टॉवर उभा राहायचा आहे. शेजारचे व्यापारी बंधू रोज विचारतात, "शेठ, सही करायची की नाही?" प्रश्न घराचा आणि रोजीचा आहे. तेव्हा टॉवर चांगला की वाईट, या वादात न पडता मुंबईसारख्या सखल शहराला तो कोणत्या अटींवर परवडेल, हे आपण समजून घेऊ.

सखल जमिनीची अडचण

मुंबई मुळात सात बेटांची. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली गेली. त्यामुळे शहराचे कित्येक भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पावसाचे पाणी नेणाऱ्या जुन्या वाहिन्या इंग्रजांच्या काळातील. ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस, आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच बेताने त्या बांधलेल्या. वाहिन्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरती आली की पाणी बाहेर जाणे थांबते. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी, असे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने सुचविले. पण कामाला खरा वेग आला तो २००५ च्या महापुरानंतर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर व ब्रिटानिया येथे उदंचन केंद्रे झाली. तरीही २९ ऑगस्ट २०१७ रोजी शहर तुंबलेच.

२६ जुलै २००५ चा दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्याला अवघा ७३ च्या आसपास. आम्ही बाजारात दुकानावर कोरडे बसलो होतो आणि कुर्ल्याचे आमचे गोदाम पाण्यात होते. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडले तेव्हा खालच्या दोन थरांतील गाठी भिजून फुगल्या होत्या व छापील मालाचा रंग पांढऱ्या लठ्ठ्यावर उतरला होता. वरच्या थराला पाणी शिवलेही नव्हते. माल किती उंच रचला यावर नुकसान ठरले नाही, तळाला काय ठेवले यावर ठरले. टॉवरचेही नेमके तसेच आहे.

दोन सोपे हिशेब

पहिला हिशेब पावसाचा. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५०,००० लिटर पाणी जमा होते, म्हणजे १०,००० लिटरचे पाच टँकर. भूखंडावर चार मजले असोत की चाळीस, हे पाणी तेवढेच. माती मोकळी असेल तर काही पाणी मुरते, काही थांबून हळूहळू वाहते. सगळीकडे सिमेंट असेल तर जवळजवळ सर्व पाणी लगेच गटारात जाते. म्हणजे पुराचा दोष उंचीकडे जात नाही, झाकलेल्या जमिनीकडे जातो.

दुसरा हिशेब माणसांचा. चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला आपण एफएसआय म्हणतो, तो ३ असेल तर त्याच भूखंडावर ३,००० चौरस मीटर बांधकाम होते. अर्धी जमीन व्यापली तर सहा मजले, पाव जमीन व्यापली तर बारा. बांधकाम तेवढेच, पण दुसऱ्या रीतीत जमीन मोकळी राहते. हा उंचीचा खरा नफा. पण २० बिऱ्हाडांच्या जागी ८० आली की बेरीज बदलते. घरटी पाच माणसे व माणशी रोज १३५ लिटर धरले, तर १३,५०० लिटरचा खप ५४,००० लिटरवर जातो. त्यातील बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. गल्ली आणि तिच्याखालची वाहिनी मात्र तीच राहते. इमारतीचा नफा बिल्डरच्या खात्यात जमा आणि गटाराचा खर्च सगळ्या मोहल्ल्याच्या नावे, असा हा व्यवहार होतो.

मग टॉवर नकोतच काय?

तसेही म्हणता येणार नाही. शहराला उंच वाढू दिले नाही तर ते आडवे पसरते, आणि मुंबईत आडवे पसरायला उरली आहेत मिठागरे, तिवरे व दलदल. पुराचे पाणी पोटात घेणारी जागा तीच. मिठीच्या काठच्या दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, त्याची किंमत नदीच्या पात्राने चुकविली.

शिवाय जुन्या इमारती कायम टिकणाऱ्या नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, त्या मोठ्या पावसानंतर दोनच दिवसांनी, भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी गेला. जुन्या घरातच राहा म्हणणे म्हणजे लोकांना त्या छपराखाली बसविणे होय. त्याच भागात सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारतींचा एकत्रित पुनर्विकास हाती घेण्यात आला. अशा समूह विकासात रस्ता रुंद करता येतो व वाहिन्या नव्याने टाकता येतात. एकट्या भूखंडावरच्या टॉवरला हे शक्य नसते.

गिरण्यांच्या जमिनीचा धडा

१९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग खुल्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ साली नियम बदलला व फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचीच वाटणी करण्याचे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. पालिकेच्या वाट्याची जमीन त्यामुळे फार घटली. श्रीनिवास मिलच्या जागेवर आज २८० मीटर उंचीचा टॉवर आहे. तिकडे दादर-परळच्या हिंदमाता भागात पाणी साठविण्यासाठी पालिकेला मैदाने व उद्याने खोदून भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या. फुकटात मोकळी राहू शकणारी जमीन गेली आणि तिचे काम आता पैसे मोजून करावे लागते.

सही करण्यापूर्वी काय विचारावे?

१) बांधकामानंतर किती चौरस मीटर माती उघडी राहणार? पोडियमवरील बाग ही जमीन नव्हे.
२) जोते किती उंच होणार? ते उंचावल्याने पाणी शेजारच्या जुन्या इमारतीत ढकलले जात असेल तर तो अन्याय आहे.
३) गल्लीतील वाहिनी मुखापर्यंत वाढविली जाणार काय? तोवर पाणी थोपविण्याची टाकी कोठे आहे?
४) विजेचे पॅनेल व पाण्याचे पंप तळघरात तर नाहीत ना? व्यापाऱ्यांनी तळघरात गोदाम घेऊच नये.
५) लिफ्ट व देखभालीसाठी कॉर्पस फंड किती? पागडीचे भाडे देणाऱ्याला टॉवरचा मासिक खर्च झेपला नाही, तर मिळालेले घर विकावे लागते.

आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे. टॉवरला आमची ना नाही, पण आमच्या एकट्या इमारतीसाठी सही देणार नाही. दोन्ही बाजूंच्या इमारती सामील करून, आधी वाहिनी व मग टॉवर, असा लेखी करार झाला तर सही करू. बिल्डर म्हणतो, वेळ जाईल. जाऊ द्या. कुर्ल्यातील भिजलेल्या गाठींची वही आम्ही अजून जपून ठेवली आहे.