तोरणमाळचे तळे केव्हा पाहावे?

(द्वितीय वर्ष कला)

तोरणमाळला केव्हा जावे असे कोणालाही विचारा, उत्तर तयार असते : पावसाळ्यात! गेल्या वर्षी मीही हेच ऐकून ऑगस्टमधील सहलीला नाव दिले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे पैसे मागताना 'हा अभ्यासाचाच भाग आहे' असे आबांना पटवावे लागले. परत आल्यावर त्यांनी विचारले, "काय काय पाहिलं मग?" मी म्हटले, "धुकं."

हे थट्टेने म्हटले नव्हते. सातपायरी घाटात दगडमाती रस्त्यावर आली होती, गाडी दोन तास जागची हलली नाही. वर पोचलो तेव्हा यशवंत तलाव दहा पावलांवर आहे असे सर सांगत होते. आम्हांला नुसते पाण्याचे चुबुकचुबुक ऐकू येत होते. सीताखाईच्या कड्याकडे सरांनी कोणाला जाऊच दिले नाही, आणि ते योग्यच केले.

म्हणून यंदा भूगोलाच्या सरांनी "तारीख तुम्हीच सुचवा, पण कारणांसह" असे म्हटल्यावर मी ते मनावर घेतले.

तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातले सातपुड्याचे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. (१९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला, तोपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते.) आपले जळगाव सुमारे २०० मीटरवर. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. पण त्याचा हिशोब कधी मांडला आहे का? ९५० मीटरचा फरक म्हणजे सहा अंश. मे महिन्यात जळगावी ४४ अंश असतील, तर वर ३८. झाडाखाली बसायला ते बरे. पायी घाट चढायला मुळीच नाही. धुक्याचे कारणही यातच आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि त्यांचे ढग बनतात. खालून आपण ज्याला ढग म्हणतो, त्याच्या पोटात ते तळे असते.

मग 'पावसाळाच उत्तम' हे आले कोठून? मला वाटते, थोडे सीताखाईच्या धबधब्यामुळे आणि थोडे हिमालयाच्या वर्णनांमुळे. काश्मीरच्या डोंगरांतील तळ्यांकडे लोक जुलै ते सप्टेंबर या काळात जातात. पण तेथे वाट अडवतो तो बर्फ. तो वितळतो उन्हाळ्यात, आणि पीर पंजालच्या पलीकडे मोसमी पाऊस आपल्यासारखा झोडपत नाही. उत्तराखंडातील रूपकुंड तर जवळजवळ ५००० मीटरवर, वर्षाचा बहुतेक काळ गोठलेले. त्या तळ्यांचे पंचांग बर्फ ठरवतो, आपल्या तळ्याचे पाऊस. एकाचे पंचांग दुसऱ्याला लावून कसे चालेल?

पाऊस थांबल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा स्वच्छ असते, तलाव भरलेला असतो. पुस्तकी उत्तर हेच. वर्गात मुलांनी दिवाळीची सुटी सुचवली आणि बहुतेकांनी हात वर केले. माझा हात खालीच राहिला. जामनेरकडच्या शेतकऱ्याच्या घरात त्या दिवसांत काय चालते हे सांगायला नको. घरी विषय काढताच आई म्हणाली, "कापूस काय तुझ्या सहलीसाठी बोंडात थांबेल का?" वेचणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि घरची मुलगी तळे पाहायला निघाली! आमच्या वर्गात अशा निम्म्या तरी मुली असतील. त्या काही बोलल्या नाहीत, एवढेच.

महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, गर्दी असते, आणि धबधबाही तोवर आटलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक. अंथरूण-पांघरूण वाहून न्यावे लागेल, आणि वेचणी तेव्हाही संपलेली नसते.

मी सुचवला सप्टेंबरचा अखेरचा आठवडा. पावसाचा जोर ओसरलेला, धबधबा वाहता, तलाव काठोकाठ आणि कापूस अजून पुरता फुटलेला नाही. एक धोका होता : परतीचा पाऊस. तो बहुधा दुपारनंतर गडगडत येतो. म्हणून पहाटे निघावे, दोनच्या आत छपराखाली यावे, हेही मी लिहून दिले. दुसरी अडचण मला सुचलीच नव्हती. तो पितृपंधरवडा निघाला! आजीने दोन दिवस अबोला धरला. एस.टी.त मात्र जागाच जागा होती.

घाटाच्या पायथ्याशी उतरून आम्ही चालत वर गेलो. सकाळी नऊच्या सुमारास तलाव दिसला. अगदी पलीकडच्या काठावरची गुरेसुद्धा मोजता येत होती. सीताखाईत पाणी कोसळत होते आणि तळापर्यंत नजर पोचत होती. दीड वाजता पश्चिमेला काळे झाले, अडीचला पाऊस आला. तेव्हा आम्ही चहाच्या टपरीत होतो. (सरांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत.)

टपरीतल्या म्हाताऱ्या पावरा बाबांना मी विचारले, "बाबा, इथे यायला चांगले दिवस कोणते?" ते म्हणाले, "होळीचे." मी म्हटले, तेव्हा पाणी कमी असेल ना? बाबा हसले. दिवाळीनंतर त्यांची मुले-सुना ऊसतोडीला बाहेर जातात, ती होळीलाच घरी येतात. माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

सहलीहून आले त्याच्या आठव्या दिवशी पहिली वेचणी सुरू झाली. ओटीत कापूस भरता भरता आईने विचारले, "या खेपेला तरी दिसलं का तळं?"