‘स्टायमी’ आणि ‘खो’ : दोन क्रीडाशब्दांचा अर्थविस्तार

खेळातील संज्ञा लोकव्यवहारात उतरली, म्हणजे तिचा मूळ अर्थ जसाच्या तसा टिकतोच असे नाही. गोल्फमधील ‘स्टायमी’ आणि आपल्याकडील ‘खो’ ही या बाबतीत उद्बोधक जोडी होय.

गोल्फच्या जुन्या नियमांनुसार दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपला चेंडू व खळगा यांच्या मध्ये आला, तरी दोन चेंडूंत ६ इंचांहून अधिक अंतर असल्यास तो उचलावयास लावता येत नसे. वळसा घालून किंवा त्यावरून चेंडू उडवून वाट काढावी लागे. या स्थितीस स्टायमी म्हणत. सेंट अँड्र्यूज येथील संस्था व अमेरिकेतील गोल्फसंघ यांच्या १९५२ च्या संयुक्त नियमावलीने ही अट रद्द केली. तथापि ‘कोंडी करणे’ या अर्थी हे क्रियापद इंग्रजीत आजही रूढ आहे. शब्दाची व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे.

‘खो’ची गती निराळी. येथे खेळ जिवंत आहे आणि शब्दाला दोन अर्थ फुटले आहेत. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्यास पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ म्हणावयाचे, त्याने उठून धावावयाचे आणि पहिल्याने त्याची जागा घ्यावयाची. यावरून ‘खो देणे’ म्हणजे काम पुढच्याकडे सोपविणे, हा अर्थ सरळ निघतो. परंतु ‘खो घालणे’ म्हणजे विघ्न आणणे. घोड धरणाचे आवर्तन लांबले, तर शिरूरकडील शेतकऱ्याच्या पेरणीला खो बसतो; दौंडास गाडी रखडली, तर पुण्यातील कामाला खो बसतो. खेळात जी क्रिया स्वपक्षास साहाय्यक, ती व्यवहारात अडथळा कशी ठरली?

याचा उलगडा दृष्टिकोनभेदाने होऊ शकेल. पळणाऱ्याच्या बाजूने पाहता प्रत्येक ‘खो’ त्याची मोकळी वाट अकस्मात बंद करतो. पहिला अर्थ पाठलाग करणाऱ्याचा, दुसरा पळणाऱ्याचा. स्टायमीनेही अडविल्या गेलेल्याचाच अनुभव जतन केला आहे.

म्हणून कोशकाराने अशा शब्दांचा केवळ प्रतिशब्द देऊन थांबू नये. खेळाचा नियम व त्यातील पक्ष यांचीही नोंद करावी. नियम विस्मृत झाला, की शब्द उरतो आणि त्याचे कारण हरवते. स्टायमीच्या बाबतीत हे बव्हंशी घडले आहे. ‘खो’च्या बाबतीत नोंदीस अद्याप अवकाश आहे, कारण त्याचा नियम जाणणारे गडी आजही मैदानावर आहेत.