साडेचार टक्क्यांचा डोंगर

2012 साली अमेरिकेत फॉक्स समूहाच्या एका वाहिनीने दोन स्तंभांचा आलेख दाखवला. माजी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या काळातली करसवलत संपली, तर सर्वांत वरचा आयकर दर 35 वरून 39.6 टक्क्यांवर जाईल, एवढंच त्यात सांगायचं होतं. आकडे खरे होते. पण उभा अक्ष शून्याऐवजी 34 पासून सुरू केलेला. त्यामुळे पहिल्या स्तंभाची उंची उरली 1 आणि दुसऱ्याची 5.6. खरं तर दुसरा स्तंभ पहिल्यापेक्षा जेमतेम 13 टक्क्यांनी उंच हवा. स्तंभालेखात आपण आधी लांबी पाहतो, आकडे नंतर (वाचलेच तर!). म्हणून तिथे सुरुवात शून्यापासूनच हवी. शंका आली, तर आकडे कागदावर उतरवून स्वतः ओबडधोबड स्तंभ काढून पाहावेत. दोन मिनिटांचं काम.

रेषालेखाला मात्र हा नियम डोळे झाकून लावू नये. तापाचा तक्ता शून्य अंशापासून काढला, तर 98 आणि 103 मधला फरक नजरेत भरणार नाही, आणि तक्ता तर त्यासाठीच असतो.

मे 2020 मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या आरोग्य विभागाने फॉक्सच्या आलेखाहून अजब प्रकार केला. कोविड रुग्णांच्या आलेखात तारखा क्रमाने नव्हत्याच; स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे रचलेले. साहजिकच साथ ओसरताना दिसली! टीका झाल्यावर माफी मागितली गेली आणि तारखा दिनदर्शिकेप्रमाणे लावल्या गेल्या.