पाटा वाढवण्याआधी

मामेभावाने नागपुराहून एसयूव्हीच्या मागे दोन चाकांचा कॅम्पर ओढत आणला आणि बेल्याला मामांच्या अंगणात उभा केला, तेव्हा गाडीची मागची बाजू खाली बसली होती आणि बॉनेट आभाळाकडे. रस्ताभर समोरचे ट्रकवाले डिपर मारत होते म्हणे. मारणारच, याचे हेडलाइट सरळ त्यांच्या डोळ्यांत! पुढचा बेत पुष्य अमावास्येला केस्लापूरच्या नागोबा जत्रेचा. त्याआधी आदिलाबादला जाऊन मागच्या स्प्रिंगा जाड टाकायच्या, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

मामांची हयात बंडी हाकण्यात गेली. त्यांनी कॅम्पर गाडीपासून सोडवायला लावला आणि त्याच्या पुढच्या कपलिंगखाली हात घालून, बैल जुंपण्याआधी जू उचलून पाहतात तसा, तो उचलून पाहिला. जागचा हलला नाही.

"हे तं धुरजड हाय ना बाप्पा. स्प्रिंगा कायले बदलवतं?"

बंडीच्या भाराला मराठीत दोन नेमके शब्द आहेत. भार पुढे गेला की गाडी धुरजड, मागे गेला की उलाळ. धुरजड गाडीत बैलांच्या माना मोडतात. उलाळ गाडीत जू वर उठतं आणि जुपणी गळ्याला आवळते. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हेच दोन आजार होतात, फक्त मानेच्या जागी मागचा ॲक्सल असतो. कपलिंगवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार यावा, असा ढोबळ नियम आहे. त्याहून फार कमी, म्हणजे उलाळ झालं, तर हमरस्त्यावर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागतो. दोघांत जास्त जीवघेणं तेच.

घरातला वजनकाटा कपलिंगखाली ठेवला. 800 किलोंच्या कॅम्परचे 130 किलो पुढे येत होते. आता तरफेचा हिशेब बघा. कपलिंगचा गोळा गाडीच्या मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे, दोन ॲक्सलमधलं अंतर 2.7 मीटर. म्हणजे मागच्या चाकांवर 130 नव्हे, 188 किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून 58 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागणं, ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं सटकणं, हे सगळं त्या 58 किलोंचं. नुसत्या जाड स्प्रिंगांनी गाडी दिसायला सरळ झाली असती, पण हे किलो पुढे परतले नसते.

कॅम्परमधली 60 लिटरची पाण्याची टाकी चाकांच्या दोन मीटर पुढे बसवलेली होती. चाकांपासून कपलिंगपर्यंतचं अंतर तीन मीटर. टाकी सरकवून बरोबर चाकांवर आणली, तर 40 किलो कमी होऊन 90 उरले. खर्च चार बोल्टांचा.

एवढं करूनही गाडी थोडी दबलेली राहिली, तर मग सस्पेन्शनकडे वळायचं. तिथेही आधी शॉकॲब्झॉर्बर बघावेत. स्प्रिंग भार पेलते, शॉकॲब्झॉर्बर तिचं उसळणं थांबवतो. आमच्याकडच्या काळ्या रेगडीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. अशा लाटांवर थकलेला शॉकॲब्झॉर्बर असेल, तर एका खड्ड्यापायी गाडी तीनदा नाचते आणि मागचा कॅम्पर तो नाच वाढवतो. जाड स्प्रिंग टाकून जुने शॉकॲब्झॉर्बर तसेच ठेवणं म्हणजे दांडगा बैल आणि कुजका कासरा.

स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांच्या मागे कॉइल स्प्रिंग असते. तिच्या पोटात हवेची पिशवी बसवता येते. कॅम्पर जोडला की हवा भरा, सोडला की कमी करा. वर्षातून दोनचारदा कॅम्पर ओढणाऱ्याला मला हाच उपाय पटतो. कायमची जाड स्प्रिंग रिकाम्या गाडीत मणके मोजून घेते. बोलेरोच्या मागे पाटे असतात. तिथे मिस्त्री एक पाटा वाढवून देतो. पाटे एकमेकांवर घासून थोडं उसळणं स्वतःच जिरवतात, हा त्यांचा गुण, पण रिकामी गाडी खड्ड्यावर मागून उडी मारते, हा दोष.

आणि पाटा वाढला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. कंपनीने ठरवलेलं एकूण वजन तेवढंच राहतं, कारण चासी, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच असतात. टायरच्या कडेला भाराचा अंक छापलेला असतो. 100 असेल तर एका टायरवर 800 किलो, त्यापुढे नाही. ब्रेकचं म्हणाल, तर युरोपात 750 किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. मामेभावाच्या कॅम्परला ते नव्हते. त्यावर आमची बरीच बाचाबाची झाली. शेवटी जत्रेआधी ते बसवून घ्यायचं त्याने कबूल केलं. आपल्या मोटार वाहन कायद्यातही ट्रेलर हे वाहनच आहे, त्याची नोंदणी वेगळी लागते, हेही त्याला मीच सांगितलं.

जत्रेला निघालो तेव्हा मामांनी मागच्या मडगार्डवर खडूने रेघ मारली. गुडीहत्नूरला हमरस्ता सोडला, इंद्रवेल्लीकडे वळलो, मध्ये दोनदा उतरून त्यांनी रेघ बोटांनी मोजली. दोन बोटं खाली, त्याहून जास्त नाही.

केस्लापूरला वडाखाली जत्रा भरवणाऱ्या मेस्राम घराण्यांचे छकडे लागले होते. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, छकड्याच्या सावलीत चुली. मामेभाऊ कॅम्परचं पुढचं टेकूचाक खाली सोडत होता. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन कपलिंगखाली हात घातला, थोडं उचलून पाहिलं आणि मान डोलावली.